अमेरिकेतल्या विद्यापीठांनी स्वतःच्याच स्टेडियममध्ये बिअर विकणं योग्य आहे का?

तुमचा मुलगा नुकताच तिकडे शिकायला गेला, पहिल्याच अमेरिकन फुटबॉल सामन्याचे फोटो त्याने पाठवले आणि त्यात मागे बिअरचा स्टॉल दिसला, म्हणून तुम्ही विचारलंय. काळजी वाटणारच, ताई. मी अशाच एका मोठ्या सरकारी विद्यापीठात एमएस करताना दोन सीझन स्टेडियमच्या स्टॉलवर काम केलंय. तिथे जे पाहिलं त्यावरून सांगतो.

सुरुवातीला माझंही मत हेच होतं की शिक्षणसंस्थेने दारू विकू नये, विषय संपला. माझ्या पहिल्या सीझनला आमच्याकडे विक्री नव्हतीच. मी नाचोज आणि थंड पेयं विकायचो. पण टेलगेटिंग म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. सामना दुपारी साडेतीनचा असला तरी सकाळपासून पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडतात, शेगड्या पेटतात आणि बर्फाच्या पेट्यांतून कॅन निघायला लागतात. तिथे वय कोणी विचारत नाही. आत काही मिळणार नाही हे माहीत असल्यामुळे पोरं गेटवर येण्याआधी घाईघाईने ढोसतात. त्यात हाफटाइमला बाहेर जाऊन परत यायची मुभा होती. वीस मिनिटांत गाडीपाशी पळायचं, दोन-तीन कॅन रिकामे करायचे आणि परत आत.

अशाच एका हाफटाइमनंतर माझ्या स्टॉलशेजारच्या पायऱ्यांवर एक मुलगी कोसळली. पहिल्या वर्षाची असावी. ओठ पांढरे पडलेले, हाक मारली तरी उत्तर नाही. तिला स्ट्रेचरवरून नेलं. तिची मैत्रीण तिचा एक बूट छातीशी धरून मला विचारत होती, कुठल्या हॉस्पिटलला नेतायत? मैत्रीण म्हणाली, ती अर्धा तास आधीपासूनच धड बोलत नव्हती. पण सगळ्याच एकवीसच्या आतल्या, म्हणजे तिथल्या कायद्याने पिण्याच्या वयाखालच्या, म्हणून मदत मागायला घाबरल्या. त्या दिवशी स्टेडियममध्ये कोणी तिला एक थेंबही विकला नव्हता.

पुढच्या सीझनला विक्री सुरू झाली आणि हाफटाइमला बाहेर जाणं बंद झालं. माझं काम आता ओळखपत्र तपासायचं. बऱ्याच राज्यांत एकवीसच्या आतल्यांचं लायसन्स उभ्या आकाराचं असतं, मोठ्यांचं आडवं. त्यामुळे हातात घेताच निम्मं काम होतं, तरी जन्मतारीख वाचायचीच. पांढऱ्या केसांच्या आजोबांचंही बघायचं. पायऱ्यांवर कोसळणारी मुलं त्या वर्षी मला कमी दिसली. हा माझ्या एका स्टॉलपुरता अनुभव, पण वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०११ मध्ये हेच केलं होतं. तिथले क्रीडा संचालक ऑलिव्हर लक यांनी बिअर आत आणली आणि बाहेर जाऊन परत येणं बंद केलं. सामन्याच्या दिवशीच्या पोलिस केसेस नंतर कमी झाल्या. माझ्या मते फरक पडला तो गेट बंद केल्याने. नुसती बिअर विकून काही सुधारत नाही.

२०१९ मध्ये आग्नेय भागातल्या मोठ्या विद्यापीठांच्या एसईसी या संघटनेनेही सर्वसामान्य प्रेक्षकांसाठीची बंदी उठवली आणि निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोडला. तेव्हाचे नियम मला पटतात: फक्त बिअर आणि वाइन, दर वेळी वयाची तपासणी, खुर्च्यांमधून फिरून विक्री नाही, आणि फुटबॉलला तिसरं क्वार्टर (सामन्याच्या चार भागांतला तिसरा) संपलं की स्टॉल बंद. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, कारण त्यानंतर हजारो लोक गाडी चालवत घरी जाणार असतात.

आता मला खरंच खटकतं ते सांगतो. आपल्याकडे महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यानंतर सगळ्यालाच २१. म्हणजे पदवीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली बहुतेक मुलं या स्टॉलवरून काही घेऊच शकत नाहीत. मग विक्री कोणासाठी? तिकीट काढून येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी, आणि पैशासाठी. मिशिगन राज्याने २०२३ मध्ये कायदा बदलला आणि २०२४ पासून मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बरमधल्या एक लाख सात हजारांवर आसनांच्या मैदानातही विक्री सुरू झाली. २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर तर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. तो पैसा कुठून तरी उभा करायचाय. एकदा या उत्पन्नाची चटक लागली की तिसऱ्या क्वार्टरचा नियम टिकेल का, याची मला मनापासून भीती वाटते. ओहायो स्टेटने २०१६ मध्ये विक्री सुरू करताना त्यातून विद्यापीठासाठी जादा पोलिस नेमायचं ठरवलं, ते मला आवडलं. पैसा मुलांच्या सुरक्षेवरच खर्च व्हायला हवा, आणि विद्यार्थ्यांच्या बाजूला बिअर कंपनीचा एकही फलक नको.

म्हणून माझं उत्तर: गेट बंद, तपासणी कडक आणि विक्री वेळेत थांबणार असेल तर योग्य. नाहीतर अजिबात नाही.

मुलाला स्टॉलबद्दल विचारण्यापेक्षा सामन्याआधी तो कोणासोबत आणि कुठे असतो ते विचारा. आणि एक गोष्ट त्याला आजच सांगा. तिथल्या बऱ्याच राज्यांत असा कायदा आहे की प्यायलेल्या मित्रासाठी ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन केला, तर फोन करणाऱ्या एकवीसच्या आतल्या मुलावर पिण्याबद्दल कारवाई होत नाही. त्याच्या राज्यात आणि विद्यापीठात नियम काय आहे ते त्याला शोधायला लावा, आणि पुढच्या सामन्याआधी तुम्हाला फोनवर वाचून दाखवायला सांगा.