पाणी कमी करा, पानं वाढवा

डब्यात पाळलेले आयसोपॉड (ओलसर जागी, पानांखाली राहणारे बहुपायी छोटे जीव) का मरताहेत, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या वर्णनातच निम्मं उत्तर आहे. रोज दोनदा सगळीकडे स्प्रे, झाकण घट्ट, तळाला नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर शोभेपुरती चार पानं आणि खायला काकडी. मोठे आयसोपॉड एकेक करून मरताहेत, काही तर कात टाकताना अर्धवट अडकून. तुम्ही याला 'काहीतरी रोग' म्हणता. मला तसं वाटत नाही. मला हा ओलाव्याचा आणि उपासमारीचा प्रकार वाटतो.

आधी ओलावा. आयसोपॉड हे कीटक नव्हेत, ते खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यातले. पोटाच्या मागच्या टोकाला खालून पानासारखे चपटे अवयव असतात, त्यांनी ते श्वास घेतात. हे अवयव ओलसर राहिले नाहीत तर जीव गुदमरतो, म्हणून 'आयसोपॉडला ओल हवी' हे ऐकीव ज्ञान सगळ्यांकडे असतं. पण पोर्सेलिओ किंवा आर्माडिलिडियम या प्रकारांतला आयसोपॉड उलटा करून पाहिलात तर तिथे पांढरे ठिपके दिसतील. ती त्यांची फुप्फुसं, थेट हवेतून श्वास घेण्यासाठी बनलेली. चिखलात आणि कोंदट हवेत ती निकामी ठरतात. थोडक्यात, त्यांना ओली जागाही हवी आणि कोरडीही, आणि कधी कुठे जायचं हे त्यांचं त्यांना ठरवता आलं पाहिजे. सगळा डबा एकसारखा ओला केला की ही निवडच संपते.

तेव्हा स्प्रेची बाटली बाजूला ठेवा. डब्याच्या एका टोकाला, साधारण एक तृतीयांश भागात, स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) दाबून बसवा आणि पाणी फक्त त्या कोपऱ्यात ओता, म्हणजे ते खालच्या थरात झिरपेल. उरलेला भाग वरून कोरडा दिसला तरी काळजी करू नका. हवेसाठी समोरासमोरच्या दोन बाजूंना भोकं पाडून बारीक जाळी लावा. नुसती झाकणाला भोकं पाडली तर ओल वर निघून जाते आणि खालची हवा तशीच साचून राहते. पाणी किती दिवसांनी घालायचं याचं वेळापत्रक मी सांगणार नाही, कारण ते प्राणीच सांगतात. सगळे मॉसखाली गर्दी करून बसले तर डबा कोरडा पडलाय. सगळे भिंतींवर आणि झाकणाला चिकटलेले दिसले तर खाली ओल जास्त झालीय किंवा हवा कोंदलीय.

यात जातीप्रमाणे फरक पडतो. तुमच्याकडचे पोर्सेलिओ स्केबर मोठा कोरडा भाग आणि खेळती हवा पसंत करतात. क्युबॅरिस हा आयसोपॉडचा दुसरा प्रकार पाळणाऱ्यांचं ऐकून तुम्ही डबा भिजवला असेल तर त्यांचा सल्ला चुकीचा नाही, फक्त तो दुसऱ्या प्राण्यासाठी आहे. त्या गुहेतल्या मंडळींना जास्त दमट हवा आणि चुनखडीचे तुकडे लागतात.

आता खाणं, आणि इथे मी जरा आग्रही आहे. सुकी, तपकिरी, गळून पडलेली पानं म्हणजे सजावट नव्हे, तोच त्यांचा रोजचा भात. काकडी हे बहुतांशी पाणी. कोकोपीट ओल धरतं, पण त्यात पोषण जवळजवळ नाही. कोकोपीटमध्ये पानांचं कुजलेलं खत आणि बोटाने चुरता येईल असं पांढरट कुजकं लाकूड मिसळा, थर ५ ते ८ सेंटीमीटरचा ठेवा आणि वर पानांचा जाड गालिचा पसरा. पानं रुंदपर्णी झाडांची घ्या. पाइनसारखी राळेची झाडं आणि निलगिरी टाळा. फवारणी होते तिथली पानं तर मुळीच नकोत, कीटकनाशकाचा अंशही या प्राण्यांना मारायला पुरतो. आणलेली पानं उकळून वाळवली की सोबत आलेले कोळी आणि गोमी निघून जातात. पानांना जाळी पडून नुसत्या शिरा उरल्या की नवी घाला, जुनी काढू नका.

कातीचं सांगायचं तर ते ती दोन टप्प्यांत टाकतात. आधी मागचा अर्धा भाग, मग थोड्या काळाने पुढचा. म्हणून मध्येच अर्धा फिकट, अर्धा गडद प्राणी दिसला तर तो आजारी नसतो. या काळात त्याला हात लावू नका. टाकलेली कात ते स्वतःच खातात, कारण त्यातलं कॅल्शियम वाया घालवणं परवडत नाही. त्यासाठी कटलबोनचा (कटलफिशच्या अंगातल्या चुनखडीसारख्या हाडाचा) तुकडा किंवा अंड्याच्या कवचाची पूड डब्यात कायम असू द्या. आठवड्यातून एकदा चिमूटभर सुकी कोळंबी किंवा माशांचं खाद्य द्या आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी उचला. प्रथिनं कमी पडली तर नुकती कात टाकलेल्या मऊ भावंडावरच ते तोंड मारतात. जास्त झाली तर माइट्सची, म्हणजे कोळ्याच्या गोतातल्या बारीक जीवांची, फौज येते.

लाकडावर पांढरी बुरशी दिसते म्हणून घाबरलात, ते सोडून द्या. नव्या डब्यात ती येतेच. थोडे स्प्रिंगटेल (उड्या मारणारे इवलेसे जीव) सोडा, ते ती खातात.

खरा रोग कसा ओळखायचा? राखाडी जातीतला एखादा अचानक निळा-जांभळा चमकू लागला तर तो इरिडोव्हायरस असू शकतो. त्यावर उपचार नाही, तो प्राणी वेगळा काढायचा. तुम्ही असा रंग कुठे लिहिलेला नाही, म्हणून मी डब्याकडे बोट दाखवतोय.

उरलेल्यांचं आज काय करायचं? कोरड्या भागात सालीचा एखादा तुकडा टाका, लपायला जागा मिळेल, आणि मग डबा उकरून मोजदाद करत बसू नका. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत बाळगते, सारखं उचकटलं तर ती बिथरते. पिल्लं बाहेर आली तरी इवलीशी आणि पांढरी असल्यामुळे पानांखाली बरेच दिवस दिसत नाहीत.

डेअरी काऊ (आयसोपॉडचाच एक काळा-पांढरा प्रकार) याच डब्यात सोडू का, या प्रश्नाला माझं उत्तर 'नको' असं आहे. ते खादाड आहेत आणि झपाट्याने वाढतात, तुमच्या अशक्त स्केबरच्या वाट्याला मग काही उरणार नाही. त्यांना वेगळा डबा करा, आणि तोही या डब्यात पिल्लं दिसू लागल्यावर.