आधी तुझा कागद, मग त्याचा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. लग्न ठरवलंस, आनंद झाला. त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीबद्दल तू ज्या आपलेपणाने लिहिलं आहेस, ते वाचून बाकी काही विचारायची गरजच वाटली नाही. आता कामाचं बोलू.

तू विचारतेस, ‘फियान्से व्हिसा लवकर मिळेल की लग्न करून स्पाउस व्हिसा?’ तुझ्यापुरता हा प्रश्न आज उद्भवतच नाही. तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. आणि के-१, म्हणजे फियान्से व्हिसा, फक्त अमेरिकन नागरिकालाच मागता येतो. ग्रीन कार्डवाल्याला तो रस्ता बंद आहे. तेव्हा आधी तुझा कागद बघायचा, त्याचा नंतर. बरीच वर्षं वकिलांच्या ऑफिसात मी अशा फाइली लावल्या आहेत. मी स्वतः वकील नाही, पण फाइल कुठे अडते हे ओळखता येतं, आणि बहुतेक वेळा ती बोलावणाऱ्याच्या कागदापाशीच अडते.

तू नागरिक असतीस तर तो ‘इमीजिएट रिलेटिव्ह’ ठरला असता. त्या गटाला वार्षिक कोटा नाही, त्यामुळे व्हिसा नंबरची रांग नाही. वेळ लागतो तो कागद तपासायला आणि मुलाखतीची तारीख मिळायला. ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार मात्र एफ२ए या कोट्याच्या गटात जातो. परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात या गटाची तारीख असते. ती कधी भराभर पुढे सरकते, कधी महिनोन् महिने हलत नाही, आणि कधी चक्क मागे जाते. तिच्यावर विसंबून कुणी घराचं भाडेपत्र करू नये.

मग नागरिकत्व मिळेपर्यंत थांबायचं का? नाही. लग्न करून लगेच आय-१३०, म्हणजे जवळच्या नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज, भर. तो एफ२ए म्हणून रांगेत लागेल. मध्ये तुझी शपथ झाली की नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत पाठवायची: फाइल यूएससीआयएसकडे, म्हणजे इमिग्रेशन खात्याकडे, असेल तर त्यांना, पुढे गेली असेल तर नॅशनल व्हिसा सेंटरला. तोच अर्ज इमीजिएट रिलेटिव्हमध्ये बदलतो, नव्याने सुरुवात करावी लागत नाही. पुढच्या वर्षी तुझी पाच वर्षं पूर्ण होतात म्हणतेस, आणि एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज त्या तारखेच्या ९० दिवस आधीपासून भरता येतो. तुमच्या हातातला वेग वाढवणारा एकमेव खटका हाच आहे.

म्हणूनच तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीने मी दचकले. ‘तोवर मीच नोकरी रिमोट करून सात-आठ महिने त्याच्याकडे जाऊन राहते.’ असं करू नकोस. एका दमात सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलीस तर तुझा सलग वास्तव्याचा काळ तुटला असं गृहीत धरतात आणि तो तुटला नाही हे तुला सिद्ध करावं लागतं. वर्ष झालं तर तुटतोच. शिवाय पाच वर्षांपैकी निदान ३० महिने तू प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवीस. भेटायला जा, जरूर जा, पण छोट्या खेपांनी. आणि प्रत्येक खेपेच्या जाण्यायेण्याच्या तारखा वहीत लिहून ठेव, एन-४०० मध्ये त्या सगळ्या विचारतात.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. शपथ होईपर्यंत थांबून मग के-१ करावा, असा विचार तुझ्या मनात येणारच. तेव्हा ‘लवकर’ म्हणजे काय, ते दोघं बसून ठरवा. विमानातून लवकर उतरायचं, की उतरल्यावर लवकर कामाला लागायचं? के-१ वर आलेल्या माणसाने ९० दिवसांत, आणि ज्याने अर्ज केला त्याच व्यक्तीशी, लग्न करायचं असतं. त्यानंतर आय-४८५, म्हणजे इथे राहूनच ग्रीन कार्ड मागण्याचा अर्ज, भरायचा, मग वर्क परमिटची वाट बघायची. अॅडव्हान्स पॅरोलचा, म्हणजे परत येण्याच्या आगाऊ परवानगीचा, कागद हाती नसताना देशाबाहेर पाऊल टाकलं तर तो आय-४८५ सोडून दिला असं धरतात. मागे घरी कुणी आजारी पडलं तरी. आजवर स्वतःच्या पायावर उभा असलेला माणूस या काळात घरात नुसता बसून असतो, आणि नव्या संसारात त्याचा ताण फार येतो. वकिलांच्या पत्रकात हे नसतं, पण आमच्या ऑफिसात येणारी जोडपी पैशांच्या आधी यावरच बोलायची. शिवाय दोघांचं बिनसलं तर त्याला दुसऱ्या कुणाच्या आधाराने, दुसऱ्या कुठल्या गटातून इथे ग्रीन कार्ड मागता येत नाही. परत जायचं, एवढंच.

लग्न करून सीआर-१ वर, म्हणजे स्पाउस व्हिसावर, आलेला माणूस विमानतळावर उतरतो तो कायमचा रहिवासी म्हणूनच. पासपोर्टातल्या व्हिसावर शिक्का बसला की तोच वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतो. दुसऱ्या दिवशी नोकरी धरता येते.

खर्चातही फरक आहे. एप्रिल २०२४ पासूनच्या फीचा हिशेब सांगते. भरण्याआधी ताजा तक्ता बघच. लग्नाच्या रस्त्याला ऑनलाइन आय-१३० चे ६२५ डॉलर, व्हिसाचे ३२५, अॅफिडेव्हिट, म्हणजे हमीपत्र, तपासणीचे १२० आणि इमिग्रंट फी २३५, मिळून १,३०५. के-१ ला आय-१२९एफ या पहिल्या अर्जाचे ६७५, व्हिसाचे २६५ आणि आय-४८५ चे १,४४०, म्हणजे २,३८०. त्यात वर्क परमिटचे २६० आणि अॅडव्हान्स पॅरोलचे ६३० वेगळे. वैद्यकीय तपासणी दोन्हीकडे असते.

के-१ वाईट आहे असं मात्र समजू नकोस. ज्या जोडप्याला तिकडच्या देशात लग्नच करता येत नाही, त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ जून २०१३ च्या विंडसर निकालानंतर अमेरिका समलिंगी जोडीदारांनाही हे सगळे अर्ज करू देते, आणि अशा कितीतरी जोडप्यांना के-१ हाच सरळ मार्ग ठरतो. अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेली असावी लागतात, एवढं लक्षात ठेवायचं. के-३ नावाचाही जोडीदारासाठीचा एक व्हिसा आहे, पण तो आता नुसता कागदावरच. कुणी सुचवला तर हसून सोडून दे.

पण एक घोळ मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. के-१ भरायचा आणि तिकडे घरच्यांच्या समाधानासाठी धार्मिक विधी उरकून घ्यायचा. मुलाखतीत अधिकारी फोटो बघतो आणि म्हणतो, तुमचं तर लग्न झालंय. झालं असेल तर के-१ बाद. आणि ते कायदेशीर नोंदलेलं नसेल तर आय-१३० ही भरता येत नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. तेव्हा तुम्ही लग्न करणार असाल तर ते जिथे होईल तिथल्या कायद्याने पुरतं वैध असू दे, सरकारी नोंद आधी आणि सोहळा हवा तेव्हा. व्हिडिओ कॉलवर लग्नाची कल्पना तू लिहिली आहेस, ती सोड. दोघं एका जागी हजर नसताना झालेलं लग्न, नंतर प्रत्यक्ष सहवास झाल्याशिवाय इमिग्रेशनच्या कामाला येत नाही.

तुझ्या ऑफिसात एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या अविवाहित पोरापोरींना एक गोष्ट मात्र सांग. नोकरीतून मिळणारं ग्रीन कार्ड मंजूर व्हायच्या आधी लग्न झालेलं असेल, तर जोडीदाराला त्याच अर्जाच्या आधाराने मागून येता येतं, वेगळ्या रांगेत उभं राहावं लागत नाही. मंजुरीनंतर लग्न केलं की एफ२ए. काही दिवसांचा फरक, आणि वाट मात्र पार बदलते. तुझी ती वेळ निघून गेली, त्यावर आता हळहळू नकोस.

लेकीचं बघू. कुटुंबातली माणसं इथेच चुकतात, कारण त्यांना वाटतं मूल बापाच्या मागून आपोआप येतं. एफ२ए मध्ये खरंच येतं. पण तू नागरिक झालीस आणि बापाचा अर्ज इमीजिएट रिलेटिव्ह झाला की ती सोय जाते; त्या गटात प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज लागतो. बाप व्हिसा घेऊन निघाला आणि मूल मागे राहिलं, असं झालेलं मी पाहिलं आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन आय-१३० भर, एक त्याचा आणि एक तिचा. मुलीला अठरा व्हायच्या आत तुमचं लग्न झालेलं असलं की ती कायद्याने तुझी सावत्र मुलगी, आणि तुला तिच्यासाठी अर्ज करता येतो. जास्तीचे ६२५ डॉलर जातील, जाऊ देत.

पैशापेक्षा अवघड आहे ते तिच्या आईची संमती. मुलीला कायमचं दुसऱ्या देशात न्यायचं तर ताब्याचा कोर्टाचा आदेश किंवा आईचं लेखी संमतीपत्र हवं. व्हिसाच्या मुलाखतीच्या आदल्या महिन्यात ते मागायला गेलात तर जुनी भांडणं उकरली जातील. त्याने आजच, शांतपणे, विषय काढावा. मुलगी आईला सुट्ट्यांमध्ये कशी भेटणार हेही त्याच बोलण्यात ठरवावं. यात तू मध्ये पडू नकोस.

आता व्हिजिटर व्हिसा. त्याच्याकडे बी-२ आहेच, तर येऊ दे, इथेच लग्न करू, इथूनच भरू, असं तुला कुणीतरी सांगितलं आहे. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! तो नुसता भेटायला आला तर काहीच हरकत नाही. परतीचं तिकीट, तिकडची नोकरी, सगळं खरं असावं आणि विचारलं तर तुझं नावही खरं सांगावं. पण कायमचं राहायच्या इराद्याने येऊन विमानतळावर ‘फिरायला आलोय’ म्हणणं ही खोटी माहिती ठरते, आणि तिची शिक्षा कायमची प्रवेशबंदी आहे. माफीचा अर्ज असतो, पण त्यात त्याच्याविना तुझे अतोनात हाल होतील हे सिद्ध करत बसावं लागतं.

शिवाय ‘मुदत संपून राहिलं तरी लग्नाने माफ होतं’ हे तू जे ऐकलंस ते नागरिकाच्या जोडीदाराबद्दल आहे, तेही तो रीतसर तपासणी होऊन आत आला असेल तर. ग्रीन कार्डवाल्याच्या जोडीदाराची मुदत संपली की त्याला सहसा इथून अर्ज करता येत नाही. आणि १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून मग देश सोडला तर तीन वर्षं, वर्ष किंवा अधिक राहून सोडला तर दहा वर्षं परत येता येत नाही. मुलीला बी-२ वर शाळेतही घालता येणार नाही. हा सल्ला देणाऱ्याकडे दुसऱ्या कशासाठीही जाऊ नकोस.

आय-८६४ या हमीपत्रावर, म्हणजे त्यांच्या पोटापाण्याची जबाबदारी घेण्यावर, सही करण्याआधी नीट वाच. तुम्ही तिघं, म्हणजे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. २०२५ च्या तक्त्यात तीन माणसांना ३३,३१२ डॉलर. तुझा पगार पुरतो, त्यामुळे सहप्रायोजक शोधायला नको. मात्र ही हमी घटस्फोटाने संपत नाही. तो नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या खात्यात कामाच्या ४० तिमाह्या जमेपर्यंत, किंवा तो देश कायमचा सोडेपर्यंत ती तुझ्या गळ्यात आहे. लग्नाच्या गडबडीत असलं बोलणं अपशकुनी वाटेल, पण सही तुझी आहे.

थोडी युक्ती तारखांची. तो प्रवेश करेल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचंच, सशर्त मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत ती अट काढण्यासाठी आय-७५१ हा अर्ज भरावा लागतो. दोन वर्षं उलटून गेली असतील तर सरळ दहा वर्षांचं. व्हिसा हाती आला आणि लग्नाचा दुसरा वाढदिवस दोन-तीन आठवड्यांवर असेल, तर व्हिसाची मुदत बघून तेवढं थांबा. एक अर्ज, एक फी आणि पुष्कळ धाकधूक वाचेल.

लग्न खरं आहे याच्या पुराव्यासाठी फोटोंचा ढीग लावू नकोस. वेगवेगळ्या वर्षांतले, घरच्यांसोबतचे थोडे, विमानाची तिकिटं, एकमेकांना पाठवलेले पैसे, अधूनमधूनचे संवाद, एवढं पुरतं.

वकील लावायचा तर राज्याच्या बारच्या, म्हणजे वकील संघटनेच्या, यादीत नाव आहे का बघून लाव. तुझं प्रकरण तसं सरळ आहे, दोघी मिळून अर्ज भरता येईल. पण त्याच्यावर कधी कुठला व्हिसा नाकारल्याचा किंवा अटकेचा डाग असेल तर मला न सांगता आधी वकिलाला सांग.

मला आत्ता दोनच गोष्टी हव्या आहेत. तुझ्या ग्रीन कार्डवर ‘रेसिडेंट सिन्स’ पुढे असलेली तारीख, आणि त्याच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत, ज्यावर तो अंतिम कधी झाला ते असेल. अपिलाची मुदत किंवा काही देशांतला सक्तीचा थांबण्याचा काळ संपायच्या आत लग्न नोंदवलंत तर ते लग्नच टिकत नाही आणि त्यावरचे दोन्ही आय-१३० ही. ती तारीख माझ्या डोळ्यांखालून जाईपर्यंत हॉल बुक करू नका.

तुझी,
मावशी