आधी ओलोनी, मग डेव्हिस: पैसे खरंच वाचतील का?

प्रश्न: आम्ही फ्रीमाँटला राहतो. मुलाला यूसी डेव्हिसला (कॅलिफोर्निया विद्यापीठाचा डेव्हिस कॅम्पस) इकॉनॉमिक्ससाठी प्रवेश मिळालाय. त्याच्या 529 खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) 95,000 डॉलर आहेत, बाकीसाठी कर्ज काढावं लागेल. दोन वर्षं इथल्या ओलोनी या कम्युनिटी कॉलेजात (पहिल्या दोन वर्षांचं शिक्षण देणारं स्वस्त सरकारी कॉलेज) शिकून मग डेव्हिसला जाईन, असं तो स्वतःच म्हणतोय. यजमानांना (वय 52) ते कमीपणाचं वाटतं. दोघांचं मिळून उत्पन्न 1,40,000. काय करावं?

उत्तर: ताई, मुलाचं म्हणणं मला पटलं. फक्त त्याचं शिक्षण चार वर्षांतच संपायला हवं, सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

डेव्हिसला हॉस्टेलवर राहून वर्षाला 45,000 धरू. चार वर्षांचे 1,80,000 झाले, म्हणजे 85,000 कमी पडतात. पालकांच्या नावाचं सरकारी पॅरेंट प्लस कर्ज 1 जुलै 2026 पासून एका मुलामागे एकूण 65,000 पर्यंतच मिळेल. व्याज नऊ टक्क्यांच्या आसपास, वर चार टक्क्यांहून जास्त फी आधीच कापून घेतात. 65,000 चा दहा वर्षांचा हप्ता महिन्याला 820 च्या वर जातो. शिक्षण संपल्यावर फेड सुरू केली, तर यजमान 66 वर्षांचे होईपर्यंत तो भरत राहावा लागेल, आणि मधल्या काळात साचलेलं व्याज वेगळंच. निवृत्तीच्या तोंडावर हे ओझं तुमच्या डोक्यावर नको, असं मला मनापासून वाटतं.

ओलोनीत युनिटला 46 डॉलर फी, वर्षाच्या 30 युनिटचे 1,380. पुस्तकं, पेट्रोल, गाडीचा विमा धरून 6,000 म्हणू. दोन वर्षं इथे आणि दोन तिथे मिळून साधारण 1,02,000. कर्जाची गरजच जवळपास उरत नाही.

इथे एक चूक बरेच जण करतात: ओलोनीची फीसुद्धा 529 मधून काढतात. तसं करू नका. फी आणि पुस्तकांचे पहिले 2,000 डॉलर खिशातून भरा. तुमच्या उत्पन्नात अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट या करसवलतीतून ते पूर्ण करात वळते होतात. 529 मधून भरलेल्या त्याच खर्चावर क्रेडिट मिळत नाही. खात्यातली रक्कम डेव्हिससाठी राखून ठेवा आणि आतापासून शेअर्समधून सुरक्षित पर्यायांत हलवायला लागा. फाफ्सा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज, दरवर्षी भरा. यूसीत गेल्यावर मिडल क्लास स्कॉलरशिपसाठीही तोच अर्ज लागतो.

आता धोका. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजात स्टॅटिस्टिक्सचा कोर्स घेतला, उत्तम मार्क मिळवले. पण तिच्या मेजरला (पदवीच्या मुख्य विषयाला) तो चालत नव्हता. कळलं तेव्हा दुसरं वर्ष सुरू होतं आणि हवा असलेला कोर्स त्या सत्रात नव्हता. म्हणून तिचं तिसरं वर्षही कम्युनिटी कॉलेजातच गेलं. घरी राहून शिकण्याचा खर्च फारसा वाढला नाही, पण नोकरी वर्षभर लांबली. तो बुडालेला पगार वाचलेल्या पैशांतून वजा करा, मग बचत किती उरते ते दिसेल.

शिवाय हातातला प्रवेश सोडल्यावर पुन्हा अर्ज करावा लागतो. टॅग या योजनेत डेव्हिससह सहा यूसी ठरावीक ग्रेड राखल्यास प्रवेशाची हमी देतात, पण हमी एकाच कॅम्पसची मागता येते आणि अर्ज सप्टेंबरातच. सगळ्या मेजरना ती मिळत नाही. सांता बार्बराचं इंजिनिअरिंग त्यात नाही. इकॉनॉमिक्सच्या अटी त्या वर्षीच्या यादीत बघून घ्या.

हॉस्टेलची दोन वर्षं हुकतील, तेव्हा जमणारी मैत्री हुकेल. हे नुकसान खरं आहे. सप्टेंबरअखेर तिथे पोचेपर्यंत पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी मुलाखतीही सुरू झालेल्या असतात, त्यामुळे त्याचा रेझ्युमे ओलोनीतच तयार व्हायला हवा. यजमानांना एवढंच सांगा की पदवी यूसी डेव्हिसचीच असेल. गणपतीत कुणी "मुलगा कुठे आहे?" विचारलं, तर ओलोनीचं नाव मोकळेपणाने घ्यावं.

डेव्हिसला होकार कळवायची मुदत 1 मे आहे. त्याआधी मुलाला असिस्ट डॉट ऑर्गवर (कम्युनिटी कॉलेजचे कोणते कोर्स यूसीत चालतात ते दाखवणारी वेबसाइट) ओलोनी ते डेव्हिस इकॉनॉमिक्सची यादी काढायला सांगा आणि चार सत्रांचे कोर्स त्याच्या हाताने कागदावर लिहून घ्या. तो कागद घेऊन ओलोनीच्या काउन्सेलरला भेटा. एखादी जागा रिकामी राहिली, तर ती भरल्याशिवाय डेव्हिसला नकार कळवू नका.