इम्प्रोव्हच्या, म्हणजे आयत्या वेळी रचत केलेल्या अभिनयाच्या, क्लासमध्ये झटपट पात्र उभं करायचा सराव कसा करावा? माझं डोकं कोरं होतं!

डोकं कोरंच राहू द्या, आधी अंग बदला. चालताना शरीराचा एकच भाग पुढे काढा, म्हणजे नाक, पोट, गुडघा असं काहीही, आणि त्याच चालीत पहिलं वाक्य बोला. आवाज आपोआप सापडतो. (माझं नाक पुढे आलं की हमखास गावचा खोत अवतरतो.) मग समोरच्यापेक्षा आपण वरचढ की पडते, ते ठरवा, इम्प्रोव्हचे नावाजलेले शिक्षक कीथ जॉनस्टन याला स्टेटस म्हणायचे.

पात्रांचा साठा हवा तर मालवणच्या बाजारात मासळीचा भाव करणाऱ्या मावशींचे हात बघा, नुसते हात. आणि रात्री दशावतार, म्हणजे तिथलं लोकनाट्य, बघाच. तिथे लिहिलेले संवाद नसतात. कथा ठरते, बाकी सगळं नट रंगमंचावर जागच्या जागी रचतात.