वाचक विचारतात : गॉडझिला कमी दिसला, म्हणून काय बिघडलं?

मागच्या अंकात 'गॉडझिला मायनस वन' या जपानी राक्षसपटाची शिफारस केली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेते. पहिल्या दोन पत्रांना थोडक्यात उत्तर देणं मला जमलं नाही.

प्रश्न : ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून रविवारी रात्री जेवणं उरकून आम्ही घरची सगळी मंडळी 'गॉडझिला मायनस वन' बघायला बसलो. नातू दहावीत आहे. त्याचं म्हणणं, दोन तासांच्या सिनेमात राक्षस दिसतो किती वेळ? सूनबाईंना नायक फार रडका वाटला. माझे मात्र दोनदा डोळे भरून आले. सिनेमा संपल्यावर अकरा वाजेपर्यंत घरात वादावादी चालली होती. बरोबर कोण? – एक निवृत्त बँक कर्मचारी, सहकारनगर

उत्तर : काका, बरोबर तुम्ही. पण नातवाला गप्प करू नका, त्याला सुरुवातीची दहा मिनिटं पुन्हा दाखवा.

साल १९४५. युद्ध संपत आलंय. आत्मघातकी हल्ल्यावर पाठवलेला शिकिशिमा हा तरुण वैमानिक विमान बिघडल्याचं खोटं सांगून ओदो बेटावर उतरतो. रात्री समुद्रातून ते जनावर वर येतं. विमानातली तोफ चालवायची एवढंच त्याला करायचं असतं, पण त्याचा हात उचलत नाही आणि तळावरचे मेकॅनिक मरतात. मायदेशी परतताना, वाचलेला एकजण त्याच्या हातात एक पुडकं ठेवतो. त्यात त्या मेलेल्या मेकॅनिकांनी जवळ बाळगलेले, त्यांच्या घरच्यांचे फोटो असतात. काही बोलत नाही, नुसतं हातात देतो. पुढचा सगळा सिनेमा त्या पुडक्याच्या ओझ्याखाली चालतो.

तो घरी येतो तर टोकियोतली त्याची वस्ती जळून गेलेली, आईवडील गेलेले. शेजारची बाई त्याला पाहते आणि कडाडते, तू जिवंत कसा परत आलास? तुमच्यासारख्यांनी आपलं काम केलं असतं तर माझी पोरं वाचली असती. तीच बाई पुढे त्याच्या घरातल्या तान्ह्या मुलीसाठी आपल्याजवळचे तांदूळ आणून देते. मुलगी त्याची नाही, तिला सांभाळणाऱ्या नोरिकोचीही नाही. बॉम्बहल्ल्यात आईबाप गमावलेलं ते मूल. तीन अनोळखी जीव एका झोपडीत राहतात आणि नातं काय ते कोणी विचारत नाही. सूनबाईंना सांगा, तो रडका नाही, त्याला झोप लागत नाही. डोळे मिटले की बेट दिसतं. युद्धावरून आलेला माणूस ज्यांच्या घरात वावरला आहे, त्यांना हे सांगावं लागत नाही.

म्हणून राक्षस कमी दिसतो. पण तो टोकियोतल्या गिंझा भागात घुसतो तेव्हा कोण रस्त्यावर आहे हे आपल्याला ठाऊक असतं आणि छातीत धस्स होतं ते त्यामुळे. दिसेल त्या इमारती पाडत सुटणारे मोठाले सिनेमे मीही पाहिलेत. दुसऱ्या दिवशी त्यातलं काही आठवत नाही.

नातवाला बहुधा कंटाळवाणी वाटलेली ती माजी नौसैनिकांची बैठक मला फार आवडते. सरकार मदतीला येणार नाही, जहाजांवर तोफा नाहीत. तरीही कोणावर सक्ती नाही, ज्याला घरी जायचं त्याने जावं. त्यांच्यातला शास्त्रज्ञ सांगतो की या देशाने माणसाचा जीव फार स्वस्त मानला. विमानांत वैमानिकाला बाहेर पडायची सोय नव्हती, सैनिक उपाशी मेले. या वेळी एकही जीव जाऊ द्यायचा नाही. राक्षसपटात हे वाक्य कोणी ठेवेल असं मला वाटलं नव्हतं.

दोष मलाही दिसतात. काही प्रसंगांत अभिनय फार चढा आहे. नोरिकोसारख्या करारी बाईला उत्तरार्धात आणखी जागा हवी होती. शेवटाबद्दल आम्हा मैत्रिणींत अजून एकमत नाही आणि तो मी इथे सांगणार नाही.

नातवासाठी एक गोष्ट मात्र सांगते. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी यांनी दृश्यपरिणामांचं कामही स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतलं. ३५ जणांचा चमू, ६१० शॉट्स. त्यासाठी २०२४ साली ऑस्कर मिळालं. या विभागात जपानी सिनेमाला मिळालेलं ते पहिलंच.

प्रश्न : तुम्ही १९५४ चा मूळ गॉडझिलाही पाहायला सांगितला होता. आम्ही मित्रांनी पाहिला. रबराच्या पोशाखातला माणूस खेळण्यातली घरं तुडवतो. याला अभिजात का म्हणायचं? – एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी, चिंचवड

उत्तर : माणूस पोशाखातच आहे. हारुओ नाकाजिमा त्याचं नाव. त्या अवजड पोशाखात, दिव्यांच्या उष्णतेत त्याने ते पाऊल टाकलं. विशेष दृश्यांचे प्रमुख एजी त्सुबुराया यांना खरं तर बाहुली एकेक चौकट हलवत चित्रित करायची होती, पण तेवढा वेळ हाताशी नव्हता. मग पोशाख आला. कॅमेरा नेहमीपेक्षा जलद चालवायचा, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ होते आणि हलक्या रबराला वजन येतं. अभियांत्रिकीचे आहात, त्या नजरेने पुन्हा पाहा. आणि ती डरकाळी कुठल्याही प्राण्याची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्याकडून आलेली ती युक्ती. चामड्याच्या हातमोज्याला राळ लावून तो डबल बास या वाद्याच्या सैल केलेल्या तारांवर ओढला, तो हा आवाज.

पण अभिजात म्हणायचं ते यासाठी नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. 'दाइगो फुकुर्यू मारू' या मासेमारी बोटीवर त्याची राख पांढऱ्या भुकटीसारखी पडली. बोटीवर २३ खलाशी होते. सगळे आजारी पडले आणि बोटीचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरात गेला. जपानभर बाजारातल्या माशांची धास्ती बसली. सिनेमा लागला ३ नोव्हेंबर १९५४ ला, म्हणजे त्याच वर्षी. पहिल्याच प्रसंगात शांत समुद्रावर एक बोट झगझगीत उजेडात जळते. तिथे बसलेल्या प्रेक्षकाला ही कोणती बोट ते सांगायची गरज नव्हती. दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः सैनिक होते आणि युद्धावरून परतताना त्यांनी हिरोशिमा पाहिलं होतं. लोकलच्या डब्यात एक तरुणी म्हणते, नागासाकीतून कशीबशी वाचले आणि आता हे. राक्षस ५० मीटर उंच, आपल्या बाणेरच्या पंधरा-सोळा मजली इमारतीएवढा, पण सिनेमाचं लक्ष इस्पितळाच्या जमिनीवर ओळीने झोपवलेल्या माणसांकडे आहे. किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र एका लहान मुलासमोर धरतात आणि डॉक्टर नुसती मान हलवतो.

हा सिनेमा मी पाहिला तो फार उशिरा, भाचीमुळे. ती पुण्यात जपानी शिकत होती, मैत्रिणीकडून डीव्हीडी घेऊन आली. आई तेव्हा ऐंशीच्या पुढची. तिला सबटायटल वाचता येत नव्हती, भाची मराठीत सांगत होती. गिंझाच्या रस्त्यावर भिंतीला टेकून एक आई मुलांना पोटाशी धरून बसली आहे, मागे सगळं पेटलेलं. ती मुलांना म्हणते, आता लवकरच आपण बाबांकडे जाऊ. भाचीने हे सांगितलं आणि आईने हातातली वाटी खाली ठेवली.

म्हणाली, "पर्वतीच्या पायऱ्यांवर मी तुम्हाला काय सांगत होते, आठवतं?"

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं त्या दिवशी मी आठ वर्षांची होते. आम्ही शनिवार पेठेत राहायचो. आई मला आणि धाकट्या भावाला ओढत पर्वतीवर घेऊन गेली. बाबा सकाळीच नदीपलीकडे कामाला गेलेले, आणि पूल पाण्याखाली. आम्ही रडायला लागलो की ती म्हणायची, बाबा पुढे गेलेत, आपल्याला तिथेच जायचंय. मला ते खरंच वाटलं होतं. ते कुठे आहेत हे तिला ठाऊक नव्हतं, हे मी त्या रात्री, टीव्हीसमोर, पहिल्यांदा ऐकलं. बाबा दुसऱ्या दिवशी भेटले. वाडा पडला होता. चिखलात आमचा पितळी डबा सापडला, आतले तांदूळ भिजून एवढे फुगले होते की झाकण उडून बाजूला पडलं होतं. तो डबा आईने शेवटपर्यंत वापरला.

आईने जन्मात दुसरा राक्षसपट पाहिला नाही. पोशाख रबराचा आहे हे तिच्या लक्षात आलं असणारच, ती शिवणकाम करायची. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. सिनेमा संपल्यावर तिने एवढंच विचारलं, त्या बोटीवरच्या माणसांच्या घरच्यांचं पुढे काय झालं?

तुम्ही मित्रांनी एकत्र, दिवे लावून, गप्पा मारत पाहिला असेल तर आता एकट्याने पाहा. मूळ जपानीच पाहा. १९५६ ची अमेरिकी आवृत्ती नको. तीत एक अमेरिकी वार्ताहर मध्ये घुसवलाय आणि मूळ सिनेमातलं बरंच काही कापलंय.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला गॉडझिलाची खेळणी फार आवडतात. यातला कुठला दाखवू? – एक आई, कोथरूड

उत्तर : दोन्ही आत्ता नको. १९५४ चा तर मुळीच नको, त्या इस्पितळातल्या मुलांच्या वयाचा आहे तो. साठच्या दशकात याच राक्षसाला मुलांचा दोस्त करून काढलेले रंगीत सिनेमे आहेत. त्यातला एखादा आधी स्वतः पाहा आणि मग शेजारी बसून दाखवा. मूळ सिनेमा तो बारा-तेरा वर्षांचा झाला की. तेव्हा बोटीची गोष्ट त्याला आधी सांगा.