उत्तर: पासबुकावरही काचेचा लूक मागतायत, काय करू?

तुमची पोस्ट वाचली. पतसंस्थेचं सगळं छापील साहित्य नव्यानं करायचंय. संचालकांच्या मुलानं पिंटरेस्टचा बोर्ड पाठवलाय, त्यात नव्या मोबाईल स्क्रीनसारख्या अर्धपारदर्शक काचा आहेत, मागे जांभळा-निळा धूसर ग्रेडियंट आहे, आणि सोबत निरोप की पुढे सगळीकडे हेच चालणार. हे शिकून घ्यावं की सरळ नको म्हणावं, असं तुम्ही विचारलंय. २०२१ साली माझ्याकडे जवळजवळ शब्दशः हाच निरोप आला होता, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. सीएमवायके (छपाईच्या चार शाया: सायन, मॅजेन्टा, पिवळी, काळी), ब्लीड, आउटलाइन हे तुम्हाला येतंच असं धरून चालते.

आधी माझं मत. शिकून घ्या. ट्रेंडला नाक मुरडणारा डिझायनर ग्राहकाशी बोलायची संधीच घालवून बसतो. मात्र ट्रेंड किती लावायचा ते ती वस्तू किती दिवस जगणार यावर ठरवा. इन्स्टाग्रामच्या स्टोरीचं आयुष्य एक दिवसाचं, तिथे खुशाल काच लावा, वितळणारी अक्षरं लावा, काहीही करा. ठेवयोजनेचं पत्रक महिना-दोन महिने चालतं. कॅलेंडर वर्षभर भिंतीवर राहतं. पासबुक, पावतीपुस्तक, शाखेवरची पाटी आणि लोगो यांना वर्षानुवर्षं काढायची असतात, तिथे ट्रेंडला मी शिरू देत नाही. फार तर एखादा दुय्यम रंग.

आणि काच काही पहिल्यांदा येत नाहीये. २००७ च्या विंडोज व्हिस्टात खिडक्यांच्या चौकटी काचेच्या होत्या, २०१२ च्या विंडोज ८ ने त्या काढून टाकल्या. २०१३ मध्ये ॲपलनं आयफोन सपाट केला, २०२० च्या मॅक ओएस बिग सरमध्ये पारदर्शकपणा पुन्हा वाढला आणि २०२१ च्या आसपास 'ग्लासमॉर्फिझम' हा या काचेच्या लूकसाठीचा शब्द ग्राहकांच्याही तोंडी बसला. जून २०२५ मध्ये ॲपलनं 'लिक्विड ग्लास' आणलं. वाचायला त्रास होतो अशा तक्रारी आल्या, आणि काही महिन्यांतच आयओएस २६.१ या आयफोनच्या अपडेटमध्ये काच कमी पारदर्शक करायची सोय द्यावी लागली. त्यांनी अपडेट पाठवला आणि विषय मिटवला. तुम्ही छापलेल्या पासबुकांना अपडेट पाठवता येत नाही. संचालकांना हे एवढंच सांगितलंत तरी बरंच काम होईल.

आता २०२१ चा अनुभव. संस्थेचं नाव सांगणार नाही, एक वित्तसंस्था होती, स्वतंत्र प्रसिद्धी विभाग असलेली. डिझाइन आणि छपाई दोन्ही माझ्याकडे. लेटरहेड, लिफाफे, पासबुकाचं कव्हर, सगळ्यावर त्यांना धूसर काच हवी होती. मी कागदावरचे प्रूफ (छपाईआधीचे नमुने) काढून घेऊन गेले. लेटरहेडचा प्रूफ मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदावर, मुद्दाम वेगळा काढला होता, कारण त्या कागदात शाई मुरते आणि फिकट जांभळा मळकट दिसतो. तिथले अधिकारी प्रूफ हातात घ्यायलाच तयार नाहीत. "मोबाईलवर बघितलंय, मस्त आहे, पुढे जा." सही मागितली तर म्हणे, ते खरेदी विभागाचं काम. खरेदी विभाग म्हणाला, रंगरूप आमच्याकडे नसतं, प्रसिद्धीकडे जा. त्या दोन टेबलांमध्ये माझं पाकीट पडून राहिलं. शेवटी 'मंजूर, छपाई सुरू करावी' एवढी एक ईमेल आली. प्रूफ पाकिटातच.

माल पोचला आणि तेच दोन्ही विभाग एका सुरात म्हणाले, मोबाईलवर असं नव्हतं. जांभळा राखाडी पडला होता. पासबुकाच्या कव्हरवर काचेच्या पट्टीभोवती बारीक फिकट चौकट उमटली होती. त्याहून वाईट म्हणजे काचेच्या पट्टीवरच्या पांढऱ्या बारीक अक्षरांत 'सोनेतारण कर्ज' मधला रफार बुजला होता. कव्हरवर 'कज' वाचत होते लोक. हे तिन्ही धोके मी प्रूफसोबतच्या चिठ्ठीत लिहून दिले होते. पाकीट उघडलंच नव्हतं, तर चिठ्ठी कोण वाचणार? त्यांनी बिल थांबवलं, प्रेसचे पैसे मला माझ्या खिशातून द्यावे लागले, आणि नंतर त्यांनी दुसरीकडून साध्या सपाट रंगात सगळं छापून घेतलं. ज्या माणसानं प्रूफ हातात घ्यायचं नाकारलं त्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही. आजही लिहिताना राग येतो, कारण सही करायला दोन मिनिटं लागली असती.

म्हणून तुमच्याकडे सध्या एकच गोष्ट पक्की करा. पतसंस्थेतल्या एका माणसाचं नाव लेखी घ्या, ज्याची सही प्रूफवर चालेल. समितीची नको, एका माणसाची. आणि सही प्रत्यक्ष छपाईच्या कागदावर काढलेल्या प्रूफवर. तोवर छपाईचं काम तुमच्या बिलात घेऊ नका. प्रेसनं थेट संस्थेला बिल करावं. कमिशन गेलं तर जाऊ दे.

ती फिकट चौकट का येते ते सांगते, कारण तुमच्या बोर्डवरच्या प्रत्येक डिझाइनला हा धोका आहे. पारदर्शक थर आणि ब्लर फाईलमध्ये जिवंत ठेवून पीडीएफ केली आणि प्रेसला पीडीएफ एक्स-१ए (छपाईसाठीच्या पीडीएफचा जुना प्रकार) लागत असेल, तर सगळी पारदर्शकता एका थरात सपाट केली जाते. त्या वेळी काही तुकड्यांचं चित्र होतं, काही तुकडे व्हेक्टरच, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या रूपात, राहतात, आणि दोघांच्या सीमेवर रंगात फरक पडू शकतो. एक्स-४ या नंतरच्या प्रकारात पारदर्शकता तशीच पुढे जाते, पण प्रेसची यंत्रणा ती नीट हाताळणारी हवी. आधी फोन करून विचारा. खात्री नसेल तर मागचा ग्रेडियंट, ब्लर आणि काच फोटोशॉपमध्ये सीएमवायकेत, ३०० डीपीआयला एकत्र करून एकच चित्र बनवा आणि अक्षरं वर व्हेक्टरमध्ये ठेवा. निळा जांभळट होऊ नये म्हणून मॅजेन्टा सायनपेक्षा तीसेक टक्क्यांनी कमी ठेवते मी. हा माझा ठोकताळा आहे, तुमच्या मशीनमनचं मत वेगळं असेल तर त्याचं ऐका.

देवनागरीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. हे बोर्ड बहुतेक इंग्रजी अक्षरांवर बेतलेले असतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे त्याच पॉइंट साइजला अक्षराचं अंग लहान पडतं. धूसर पार्श्वभूमीत आधी जातो तो अनुस्वार. वेबसाठी मजकूर आणि पार्श्वभूमीत ४.५:१ कॉन्ट्रास्ट हवा असं डब्ल्यूसीएजी ही वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात यासाठीची नियमावली सांगते. मराठीला मी त्याहून जास्त ठेवते.

अक्षरं लांबलांब ठेवायची फॅशन आहे ना, तीही मराठीत तशीच उचलू नका. 'गणेश' टाइप करून ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवून बघा. ग, ण आणि श या तिघांच्या पोटातच दंड सुटा उभा असतो. शिरोरेषा तुटली की कोणता दंड कुणाचा ते डोळ्याला कळत नाही. रुंद अक्षर हवं असेल तर फॉन्टच रुंद घ्या, माउसनं ताणू नका. ताणलं की काना जाड होतो आणि शिरोरेषा तेवढीच राहते. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'अनेक' हा २०२२ सालचा व्हेरिएबल फॉन्ट आहे, रुंदी आणि जाडी दोन्ही सरकवता येतात, लॅटिनसह दहा लिप्या आहेत आणि गुगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. हलत्या अक्षरांचा ट्रेंड मराठीत करायचा तर तिथून सुरुवात करा. आणि 'दऱ्याखोऱ्यांत' हा शब्द प्रत्येक नव्या फॉन्टमध्ये टाइप करून बघाच, ऱ्य नीट येत नसेल तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही.

वर्षाच्या रंगाचं तुम्ही ओझरतं विचारलंय. पँटोन या रंगांची प्रमाणं ठरवणाऱ्या कंपनीनं २०२४ ला पीच फझ, २०२५ ला मोका मूस आणि २०२६ ला क्लाउड डान्सर निवडला. क्लाउड डान्सर पांढरट आहे, आणि ऑफसेटवर पांढरा म्हणजे कागदच. तेव्हा हा ट्रेंड वापरायचा तर पैसे शाईऐवजी चांगल्या कागदावर लावा. मोका मूससारखा तपकिरी चार रंगांत बांधला तर मशीनवर शाई जरा इकडेतिकडे झाली तरी लालसर किंवा हिरवट होतो. लेटरहेडसारख्या कामात तो स्पॉट कलर, म्हणजे आधीच मिसळलेली एकच शाई, म्हणूनच घ्या.

पैशांचं शेवटी लिहितेय, पण आधी करा. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) काम घेण्याआधीच करून ठेवा. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. मी वकील नाही, तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या.

पासबुकाचं कव्हर कोणत्या कागदावर, किती जीएसएम (कागदाचं वजन) आणि लॅमिनेशन मॅट की ग्लॉस, एवढं इथे लिहा. तुमचा तो ग्रेडियंटही टाका. कव्हरवर त्यातलं काय टिकेल आणि काय फक्त स्टोरीला ठेवावं ते बघून सांगते.