"सिस्टरला कशाला त्रास?" म्हणून गप्प बसू नका

आमवातासाठी सलाईनमधून रिटुक्सिमॅब घ्यायचं ठरलं की जळगावात माझ्याकडे येणारे बहुतेक जण एकच विचारतात : "हे तर कॅन्सरचं औषध ना? प्रतिकारशक्तीच मारली तर माणूस जगायचा कसा?" घरात कुणीतरी मोबाईलवर वाचलेलं असतं आणि ते अर्धं खरंही असतं. अमेरिकेत हे औषध १९९७ मध्ये लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरसाठी) मंजूर झालं आणि २००६ मध्ये आमवातासाठी. ते मुख्यतः बी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कमी करतं, सगळी प्रतिकारशक्ती पुसून टाकत नाही.

पण एवढं सांगून भीती जात नाही. माणूस मनाशी जे वाक्य घोकत असतो त्यात ती बसलेली असते, असं मी मानते. ते वाक्य सापडेपर्यंत मी सल्ला देत नाही.

चोपड्याकडच्या एका मावशींचं (ओळख बदलली आहे) उदाहरण सांगते. पहिल्या डोसच्या वेळी त्यांचा घसा खाजायला लागला, कान तापले. त्या गप्पच राहिल्या. बीपी बघायला आलेल्या सिस्टरला मानेवरचे चट्टे दिसले आणि तिने लगेच सलाईन थांबवलं. औषधं देऊन, वेग निम्मा करून डोस पूर्ण झाला. दोन आठवड्यांनी दुसरा होता आणि मावशी यायलाच तयार नव्हत्या.

"माले भ्याव वाटस ताई."

"औषधाचं?"

"औषधाचं नही. परत तसं झालं अन् कोणी पाहिलंच नही तर?"

"मग घसा खाजला तेव्हा बोलला का नाहीत?"

"सिस्टर किती लोकांकडे बघील? बाईमाणसानं जरा सोसावं."

सापडलं वाक्य! मी औषधाचा विषय सोडला आणि केळीच्या बागेचं विचारलं. ठिबक चालू केल्यावर काय करता?

"ओळीओळीनं फिरते. नळी कुठं फुटली, कुठं चोक झाली, बघते."

"फुटलेली दिसली तर?"

"हाक मारते, मोटर बंद करा म्हणून."

"मोटरवाल्याला त्रास नको म्हणून थांबत नाही?"

मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग पदर सावरून ताठ बसल्या. "म्हणजे ध्यान मीच ठेवाले पाह्यजे."

मी त्यांना धीर दिलेला नव्हता. आयुष्यभर बागेवर ठेवलेली नजर त्यांनी स्वतःकडे वळवली, एवढंच. अशा वेळी माझं काम कारणी लागलं असं मला मनापासून वाटतं.

सलाईनवर असताना घाबरण्याऐवजी लक्ष ठेवणं फार उपयोगाचं, कारण रिअॅक्शन बहुधा पहिल्या डोसलाच येते. म्हणून अर्धा तास आधी स्टिरॉइड, अॅलर्जीचं औषध आणि पॅरासिटामॉल देतात. साधारणपणे ताशी ५० मिलिग्रॅमने सुरुवात करून दर अर्ध्या तासाने वेग वाढवतात. १००० मिलिग्रॅमच्या पहिल्या डोसला चार तासांहून जास्त लागतात. "जरा फास्ट करा, आमची एसटी चुकेल" असं नातेवाइकांनी म्हणू नये आणि सलाईनच्या चक्रीला तर हातही लावू नये. मुक्कामाची सोय आधीच करून ठेवा. खाज, थंडी, चक्कर, छातीत आवळणं, धाप, ओठ किंवा घसा सुजल्यासारखा वाटणं, यातलं काहीही जाणवलं की त्याच क्षणी हाक मारा.

डोसच्या आधीही काही लपवायचं नाही. लांबून आलोय, तारीख वाया जाईल म्हणून ताप, खोकला, लघवीची जळजळ दडवणारे मला नेहमी भेटतात. जंतुसंसर्ग असताना डोस पुढे ढकलतात तो तुमच्याच जिवासाठी. हिपॅटायटिस बीची तपासणी पहिल्या डोसच्या आधी झालीच पाहिजे, कारण शरीरात दबून राहिलेली ही कावीळ या औषधाने उफाळू शकते. सलाईन चालू असताना बीपी उतरू शकतं, त्यामुळे सकाळची बीपीची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारा, मनाने ठरवू नका. फ्लू-न्यूमोनियाच्या लसी शक्यतो चार आठवडे आधी होऊन जाऊ द्या.

दुसऱ्या डोसला मावशींना हुडहुडी भरली. या वेळी त्यांनी लगेच सिस्टरला हाक मारली. वेग कमी केला आणि सलाईन नीट संपलं. बी पेशी पुढे सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ कमी राहतात, त्यामुळे घरी गेल्यावरही लक्ष ठेवायचंच. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही. रविवार असला तरी डॉक्टरांना फोन करायचा.